लिटरला ऐंशी

"कागदावर चढ नसतो, बाय."

हे म्हणताना ते गाडीचा कॅटलॉग दोन बोटांत कोपऱ्याला धरून आणायचे, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तसा, आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. मग खिशातल्या फडक्याला बोटं पुसायचे. दिवसभर कोपरापर्यंत काळ्या ऑइलमध्ये बुडालेला माणूस गुळगुळीत रंगीत कागदाला हात लागला म्हणून हात पुसतो, हे मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी वसईतल्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकरीला होते. राहायला विरारला, मनवेलपाड्यात, वय बावीस, काम म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी दाखवणं, फॉर्म भरून घेणं आणि डिलिव्हरीच्या दिवशी हसून किल्ली हातात देणं. ते मागच्या शेडमधले मुख्य मेकॅनिक. भुईगावचे, पन्नाशीच्या जरा अलीकडचे. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, मीही. वजन सेहेचाळीस किलो. हा आकडा मला अजून पाठ आहे, कारण आमच्या शोरूमची अब्रू या सेहेचाळीस किलोंवर उभी होती. कशी ते सांगते.

तुम्हीही त्या काळात गाडी घेतली असेल, तर आठवून बघा, दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारलात. रंगाचा नाही, ब्रेकचा नाही. "ॲव्हरेज किती देते?" हिंदू गिऱ्हाईक चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडायचं, ख्रिस्ती गिऱ्हाईक गाडी आमच्याकडून थेट चर्चमध्ये न्यायचं, फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घ्यायला, पण हा एक प्रश्न दोघांचा सारखा. आणि त्याचं उत्तर आमच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं लावलेलं होतं: लिटरला ऐंशी. आकड्याच्या डोक्यावर एक बारीकसा तारा. त्या ताऱ्याचा अर्थ कागदाच्या अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ती ओळ मी नोकरीला लागल्यावर आठ महिन्यांनी पहिल्यांदा वाचली, तीही मेस्त्रींनी आपला जवळचा चष्मा दिला म्हणून. 'प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीत' असं काहीतरी होतं.

"म्हणजे कसं, मेस्त्री?"

"म्हणजे रस्ता नाय, खड्डा नाय, वारा नाय, मागे बायको नाय."

"मग आहे काय?"

"आकडा हाय ना," ते म्हणाले आणि बोटं पुसत शेडमध्ये गेले.

नवी गाडी घेऊन गेलेलं माणूस दोन-तीन महिन्यांनी तोंड पाडून परत यायचं. चाळीस देते, फार तर पंचेचाळीस. मग आमचे शेठ अजिबात न चिडता म्हणायचे, "टेस्ट करू ना. तुमच्यासमोर करू." ही टेस्ट म्हणजे आमच्याकडचा एक विधीच होता. दवाखान्यातून आणलेली सलाईनची रिकामी बाटली मेस्त्री हँडलला टांगायचे, तिची नळी कार्बोरेटरला जोडायचे, टाकीचा कॉक बंद करायचे. बाटलीत मोजून शंभर मिली पेट्रोल. गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मीटरचा आकडा स्वतः लिहून घ्यायचा. बाटली संपून गाडी बंद पडली की किती किलोमीटर झाले ते बघायचं आणि दहाने गुणायचं. एवढं उघड, एवढं सोपं.

वेळ मात्र सकाळी साडेसहाची. जागा मिठागरांच्या कडेचा सरळ, सपाट रस्ता, जिथे त्या वेळी कुत्रंही आडवं येत नसे. गाडी चालवायचे मेस्त्रीच, तेही चपला काढून, तेवढंच वजन कमी. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जास्त मारलेली असायची. आणि कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवलेला, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तशी गाडी रोज चालवली तर इंजिन तापून बसेल, म्हणून टेस्टनंतर तो स्क्रू गुपचूप परत जागेवर. याला ते 'गाडीला उपास घालणं' म्हणायचे. "ईस्टरच्या आधीचा आमचा उपासकाळ चाळीस दिवसांचा," ते म्हणायचे, "हिला मी सात किलोमीटरचा घालतो."

पण नुसत्या स्क्रूने आणि हवेने काही होत नसे. खरी करामत त्यांच्या मनगटात होती. चाळीसच्या वेगाला एकदा मूठ धरली की ती केसभर हलायची नाही. शंभर मिलीत साडेसात किलोमीटर, कधी पावणेआठ. कंपनीने छापलेल्या आकड्याच्या जवळपास अख्ख्या वसईत एकच माणूस पोचू शकत होता, आणि तो आमच्याकडे पगारावर होता.

मला याची किळस यायला बरेच दिवस लागले, हे कबूल करते. सुरुवातीला मजाच वाटायची. तावातावाने आलेलं गिऱ्हाईक चहा पिऊन, मी भरलेल्या रिपोर्टवर सही करून, गप्प होऊन जायचं. त्या रिपोर्टात एकही शब्द खोटा नव्हता. बाटली खरी, पेट्रोल खरं, मीटर खरं, रस्ता खरा. एवढं सगळं खरं एकत्र जमवून आम्ही जे तयार करायचो ते मात्र धडधडीत खोटं असायचं, आणि त्यावर आम्ही गिऱ्हाइकाचीच सही घ्यायचो.

मेस्त्रींना ती किळस आधीपासून होती. टेस्ट करून आले की ते नळावर जाऊन दहा-दहा चुळा भरायचे, थुंकायचे, पुन्हा भरायचे. पेट्रोलचा वास जात नाही, असं सांगायचे. एकदा चूळ टाकून माझ्याकडे वळले.

"शनिवारी कुमसाराला जातो. पापं सांगायला फादरांपुढे गुडघे टेकतो, आन् अडकतो. हे पाप कोणाचं सांगू? स्क्रू मी फिरवला, आकडा कंपनीचा, रिपोर्ट तुझा."

"मग फादर काय म्हणतात?"

"फादरांनी पण हीच गाडी घेतलीय. ते विचारतात, माझी किती देईल."

कंपनीचा एक साहेब वर्षातून दोनदा आम्हाला शिकवायला यायचा. टाय, सेंटचा भपकारा, आणि बाहेर एसी गाडी चालू ठेवलेली, परत बसताना थंड असावी म्हणून. तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे त्याने आम्हाला फळ्यावर लिहून शिकवलं. गाडी चुकीची आहे असं कधी म्हणायचं नाही. गिऱ्हाईक चुकीचं आहे असंही म्हणायचं नाही. फक्त हसून एक प्रश्न विचारायचा: "घरात गाडी अजून कोण कोण चालवतं?" पुढचं काय ते गिऱ्हाईक स्वतःच समजून घेतं, असं तो म्हणाला.

मेस्त्री मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेब, ती बाहेर चालू ठेवलेली तुमची गाडी किती देते?"

"कल्पना नाही," साहेब म्हणाला. "पेट्रोल कंपनी भरते."

त्यावर शेठसुद्धा हसले. मी मात्र तो प्रश्न वहीत लिहून घेतला आणि विचारायलाही लागले. चांगला चालायचा तो. बायका नवऱ्याकडे बघायच्या, बाप मुलाकडे, आणि गाडीचा विषय तिथल्या तिथे मिटायचा.

मग सांडोरचा तो माणूस आला. घरची केळीची आणि भाजीची वाडी, वाडीला पाणी देणारं बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, घरात म्हातारी आई आणि दोघे भाऊ. आला होता तो थोरला. गाडी दोघांत एक. सकाळी हा केळीच्या पाट्या बांधून स्टेशनजवळच्या बाजारात जायचा, दुपारी धाकटा भाजी घेऊन. मेस्त्रींची बहीण त्यांच्याच आळीत दिलेली, म्हणून दोघे भाऊ मेस्त्रींना मामा म्हणायचे.

"मामा, अडतीस-चाळीसच्या वर जात नाय हो," तो म्हणाला.

"पाट्या लादल्यावर किती देणार, बाबा? ठीक हाय तेवढं."

मेस्त्रींनी असं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा शेठ काउंटरवरच होते. "टेस्ट करू ना," शेठ म्हणाले. "तुमच्यासमोर करू."

टेस्ट झाली. शहात्तर आले. थोरला त्या आकड्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणी काढला असता तर तो भांडला असता; पण काढला होता मामांनी. मी चहा पुढे केला आणि हसून विचारलं, "घरात गाडी अजून कोण कोण चालवतं?"

"धाकटा," तो म्हणाला. बस, एवढंच. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की खालचा कार्बन फाटला. मी दुसरा कार्बन लावला आणि त्याला परत सही करायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी मेस्त्री माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात कॅटलॉग नव्हता.

"बाय, तू त्याला काय विचारलं होतंस?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बहिणीकडून कळलेलं मला सांगितलं. थोरल्याने आईसमोर, आळीसमोर धाकट्याला विचारलं होतं, पेट्रोल काढून कुठे विकतोस, की गाडी घेऊन भलतीकडे फिरतोस. गाडीची किल्ली त्याने गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात ओवून टाकली होती. धाकट्याने पडवीत चूल वेगळी मांडली आणि भाजी सायकलवरून न्यायला लागला. आता वाडी वाटायची बोलणी चालली होती. बावखलाच्या मधून रेघ कशी मारायची, यावर आळीतली जाणती माणसं बसली होती. आई दोन्ही चुलींवरचं जेवत नव्हती.

"ऐंशी देत नाही एवढ्यासाठी?" मी म्हणाले.

"नाय. शहात्तर देते म्हणून. मी काढून दाखवले ना. मग त्यातले अडतीस गेले कुठे, असं तो विचारतो. बरोबरच विचारतो." मग म्हणाले, "मी स्क्रू फिरवला, तू सवाल विचारलास. दोघांनी मिळून घर फोडलं."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्याची किळस आली तर माणूस फडक्याला बोटं पुसतो. स्वतःचीच आल्यावर काय पुसायचं, ते मला कळेना. त्या दिवशी डबा मी तसाच घरी नेला.

"रविवारी मिस्सा झाल्यावर सांडोरला ये," ते जाताना म्हणाले. "तो आकडा तू लिहिलास. हा पण तूच लिही."

मी गेले. मेस्त्री रविवारच्या इस्त्रीच्या शर्टात, काखेला कापडी पिशवी, पिशवीत सलाईनची बाटली. अंगणात थोरला, दारात आई, पडवीत वेगळ्या चुलीपाशी धाकटा, कुंपणाला आळी. ते सगळे त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते, मला निम्मंच कळलं. पण मेस्त्रींनी मान खाली घालून काय सांगितलं ते न कळण्यासारखं नव्हतं. स्क्रूचं सांगितलं, हवेचं, सकाळच्या वेळेचं, आपल्या वजनाचं.

आणि थोरल्याला ते पटलं नाही. ही गंमत बघा. डोळ्यांदेखत केलेल्या लबाडीवर त्याने विश्वास ठेवला होता आणि आता समोर उभं राहून सांगितलेलं खरं त्याला खोटं वाटत होतं. "तुम्ही त्याची बाजू घेता, मामा," तो म्हणाला. "आईने तुम्हाला बोलावलं असेल."

"तू चालव," मेस्त्री म्हणाले. "मी हात लावत नाय."

रोजच्यासारख्या केळीच्या पाट्या बांधल्या. बाटली टांगून नळी जोडली, शंभर मिली थोरल्यानेच ओतलं. मेस्त्रींनी माझं पेन घेऊन त्याच्या तळहातावर मीटरचा आकडा लिहिला आणि पेन त्याच्याच खिशाला लावलं. भर दुपारी, टांगे, रिक्षा, खड्डे अशा बाजाराच्या रस्त्याला तो निघून गेला.

बराच वेळ झाला. बाटली संपून गाडी कुठेतरी बंद पडली असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. टाकीचा कॉक उघडला की गाडी चालू होते. पण नळी काढून परत टाकीला जोडायची कशी, हे थोरल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मेस्त्रींच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. एवढ्यात धाकट्याने सायकल काढली. कुणी सांगितलं नव्हतं. पान्यांची पिशवी हँडलला अडकवली आणि गेला.

दोघे परत आले ते पुढे-मागे. थोरला सायकलच्या वेगाने गाडी चालवत होता, मागे वळून बघत नव्हता. अंगणात उतरून त्याने तळहात उघडला. तिथे दुसरा आकडा त्याने स्वतः लिहिला होता. पहिला वजा जाता तीन पूर्णांक सात किलोमीटर. म्हणजे सदतीस.

"तोही चालवायचा तेव्हा चाळीस पडायचे," थोरला म्हणाला. "मी एकट्याने चालवली तर सदतीस." मग आईकडे बघून म्हणाला, "चोर असेल तर मी आहे."

पेन परत घेऊन मी सदतीस लिहिलं. त्याने गळ्यातला दोरा काढला, क्रुसाशेजारची किल्ली सोडवली आणि धाकट्यापुढे धरली. धाकट्याने किल्लीकडे बघितलं, भावाकडे नाही.

"राहू दे तुझ्याकडे. मला सायकल बरी."

म्हातारी उठली, पडवीतल्या चुलीवर पाणी ओतलं आणि आतल्या चुलीवर दोघांचा भात एकत्र ठेवला. वाडी वाटली गेली नाही. बावखल एकच राहिलं. एवढं झालं, आणि ते कमी नव्हतं. पण परतताना मेस्त्री नळी गुंडाळत नुसते चालत राहिले. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं, घेईल."

सोमवारी शेठनी टेस्टसाठी हाक मारली तेव्हा मेस्त्री शेडमधून आले आणि बाटली शेठपुढे ठेवली. "आजची तुम्ही चालवा, शेठ. तुमचे नव्वद किलो. बघू किती देते." आणि चपला घालून निघून गेले. त्यांच्याबरोबर मीही राजीनामा दिला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी आणखी दीड वर्ष तिथेच होते. तो प्रश्न विचारणं तेवढं बंद केलं. माझं शौर्य तेवढंच. मेस्त्रींच्या जागी एक नवा सडपातळ मेकॅनिक आला आणि साडेसहाच्या टेस्टा चालू राहिल्या.

मेस्त्रींनी भुईगावात, घराच्या अंगणातच, गॅरेज काढलं. पुढे मी स्कूटर घेतली ती त्यांच्याकडेच न्यायचे. कुणी ॲव्हरेज विचारलं की म्हणायचे, "आधी रस्ता सांग, मागे कोण बसतं ते सांग, मग सांगतो." दोन हजार साल उलटलं, घरोघरच्या टीव्हीवर जाहिरातीतल्या गाड्या लिटरला शंभर द्यायला लागल्या, तारा आणखी बारीक झाला. मी एकदा स्कूटरचा कॅटलॉग दाखवायला नेला तर हात मागे घेतले. "ठेव तो पिशवीत," म्हणाले. "आताच साबणाने धुतलेत."

सांडोरची गाडीही त्यांच्याकडेच यायची, थोरल्याबरोबर. प्रत्येक वेळी मेस्त्री प्लग काढता काढता विचारायचे, "किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच, मामा."

मग ते पुन्हा प्लगकडे वळायचे. त्या गाडीचं काम मात्र ते तासभर जास्त करायचे, चेन रॉकेलने धुऊन, स्पोकसुद्धा पुसून, आणि थोरला बाजूला उभा राहून बघत राहायचा. अशी किती वर्षं गेली ते मी मोजलेलं नाही. सात-आठ तरी असतील.

छातीच्या दुखण्याने मेस्त्री गेले तेव्हा मी विरारहून भुईगावला गेले. शवपेटी उचलणाऱ्यांना वजन लागलंच नसेल, असं उगाच मनात आलं. माती देऊन झाल्यावर लोक दफनभूमीच्या फाटकातून बाहेर पडत होते. फाटकाशी सांडोरची ती लिटरला ऐंशीवाली गाडी उभी होती, रंग उडालेली, आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल.

थोरला रडत बाहेर आला. गाडीपाशी जाऊन त्याने किल्ली लावायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. ती लागेना. मग बाजूला न बघताच त्याने ती किल्ली नुसती बाजूला धरली. बाजूला धाकटा होता. त्याने ती घेतली.

सायकल भिंतीलाच राहिली. धाकट्याने किक मारली, थोरला मागे बसला आणि त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. दोघेही आता चांगलेच सुटले होते. मागचा टायर पार बसला. गल्ली अरुंद, खड्ड्यांची, आणि समोरून समुद्राचा वारा. त्या मुंगीएवढ्या ओळीत जे जे नव्हतं ते सगळं तिथे होतं.

"लिटरला तीससुद्धा पडत नसतील, मेस्त्री," मी म्हणाले. शेजारी एक अनोळखी बाई उभी होती, तिने माझ्याकडे वळून बघितलं.